व्हरांड्यातली हाक

फरशी पुसायच्या कार्बोलिकचा वास आला की सोलापूरच्या दवाखान्यातला व्हरांडा आठवतो. तिथं मी कारकुनी शिकत होते. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला रोग्यांची नावं पुकारायला उभं केलं. जमलं असतं तर नोकरी माझीच होती. कागदावरचं इंग्रजी मी भराभर वाचायची. पण आमच्या घरी मुलींनी पुरुषांपुढं आवाज चढवायचा नसे. आणि व्हरांड्यात तर निम्मे पुरुषच बसलेले. ओठ हलले, शब्द फुटेना.

बाकावरची म्हातारी म्हणाली, "आगं, जोरात बोल की! आमी काय खातुय व्हय तुला?"

सगळे हसले. ती धीर देत होती, हे आज कळतं. तेव्हा मी कागद ठेवून घरी आले. घडलं ते ऐकून वडील म्हणाले, "उद्यापासून जाऊ नकोस."

मला हायसं वाटलं. त्याचंच आता वाईट वाटतं.