समोरासमोर दोन बाकं

राज्यांची फेररचना झाली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बुऱ्हाणपुरातल्या आमच्या शाळेचा मराठी वर्ग पुन्हा भरला, तेव्हा त्यात मी एकटी होते. बाकीच्या मुलींचे वडील सरकारी नोकरीत होते. विदर्भ मुंबई राज्यात गेला, तशा त्यांच्या बदल्या तिकडे झाल्या. माझ्या वडिलांचं गावातल्या बुधवारा भागात कापडाचं दुकान होतं. आम्ही राहिलो.

"जब तक एक भी बच्ची है, क्लास चलेगी," मुख्याध्यापक आमच्या मराठी वर्गाच्या सरांना म्हणाले. मी दारातच उभी होते. वर्ग बंद झाला की सरांची जागाही जाणार होती.

इंग्रजी शिकवताना सर दोन बाकं समोरासमोर ठेवत. एका बाकाने 'ही ती मुलगी' एवढंच इंग्रजीत म्हणायचं, दुसऱ्याने 'हू' लावून वाक्य पुरं करायचं. माणसाला 'हू', वस्तूला 'विच'. नियम एकच: सांगायचं ते समोरच्याबद्दल, आणि खरं. दिवाळीआधी माझ्या मैत्रिणीने माझं वाक्य पुरं केलं होतं: जी भूगोलाच्या तासाला घोरते.

"खरं का गं?" सरांनी विचारलं.

"हिला कसं कळलं, सर? हीच तर आधी झोपते."

वर्ग हसला होता. ती आता अमरावतीला होती.

समोरच्या बाकावर सर बसू लागले. त्यांचे गुडघे आत मावत नसत. हे ते शिक्षक, ते म्हणत; जे सिंधीपुऱ्यात राहतात, मी पुरं करी. ही ती मुलगी, मी म्हणे; जी वेळेवर येते, ते पुरं करत. काही दिवस असं चाललं. एका सकाळी मी 'ही ती मुलगी' म्हटलं आणि ते नुसता खडू बोटांत फिरवत राहिले.

"सर, पुढे?"

"तुझ्याबद्दल मला ठाऊक होतं ते संपलं, बाई. डबा कुणाबरोबर खातेस?"

"इथंच, सर."

"कुणाबरोबर, विचारलं मी."

मी डबा दप्तरात खाली सारला. त्यांनी खडू खाली ठेवला.

"दप्तर घे."

"पण सर, मी गेले तर तुमचं..."

"घे म्हटलं ना."

हिंदी वर्गाच्या दारापर्यंत ते सोबत आले. आतली एक मुलगी बाकावर सरकली. "आ जा. मराठीवाली है ना तू?"

उन्हाळ्याआधी सर भुसावळच्या गाडीने गेले. मराठी वर्गाच्या खोलीला कुलूप लागलं. ती दोन बाकं हिंदी वर्गात आणली आणि इतर बाकांसारखी फळ्याकडे तोंड करून मांडली.