सोनीच्या हातावरची सूज

मुलीचा हात सुजला आणि मी खूश झालो.

एवढा शहाणा मी. सोनी आमची नुसती काडी, त्यात जुलाबांनी पार वाळलेली. दवाखान्यात तिच्या उजव्या हाताला सुई टोचून वर बाटली टांगली, तेव्हा मला वाटलं, ताकदच उतरतेय थेंब थेंब. बघता बघता हात टम्म झाला. मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो, "बघा, पोरीनं कसं बाळसं धरलंय!" पिंपरीला नव्या कारखान्याच्या पायासाठी दगड वाहणारा गडी मी. फुगलं म्हणजे भरलं, एवढीच अक्कल.

सोनी रडत होती. "दादा, जळतंय."

तिची आई म्हणाली, "अवो, हात थंडगार लागतोय. कुणाला तरी बोलवा."

गेलो. आमची खाट व्हरांड्यात. जात विचारून तिथं टाकलेली. वॉर्डाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. डॉक्टरांनी मानही वळवली नाही.

"औषध चाललंय ना? मग हात दाबून धर. तुमच्या पोरांना रडायची सवयच असते."

आणि मी धरला. दोन्ही हातांनी. पोटच्या पोरीचा. ती किंचाळत होती आणि मी तिला कोल्ह्याची गोष्ट सांगत होतो. आवाज काढून, चांगली रंगवून.

सकाळी फोड आले. मग कातडी काळी पडली. मग निघाली. औषध शिरेत गेलंच नव्हतं, बाहेर मांसात मुरलं होतं. पट्टी बदलताना नर्सबाई हळूच बोलून गेल्या. बोटं आत वळली, ती वळलीच.

मोठे डॉक्टर फेरीवर आले. आमच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "आईनं सुई ओढली. अडाणी लोक." मग माझ्याकडे बघून, "काय रे, ओढली ना?"

जन्मभर 'व्हय साहेब' म्हणत आलेली जीभ. आताही तेच येत होतं. सोनीची आई खाली मान घालून उभी. अंगावर आळ घेऊन.

"न्हाई," मी म्हणालो. "सुई कुणी ओढली न्हाई. मी सांगाया आलतो. तुमी वळून पाह्यलं न्हाई."

"आवाज खाली कर."

"न्हाई."

त्याच दुपारी आम्हाला बाहेर काढलं.

आता वस्तीतलं कुणाचंही पोर दवाखान्यात पडलं की मी जातो. पांघरूण सारतो, सुईचा हात चाचपून बघतो. सुजला असला तर सरळ उंबरा ओलांडतो. हाकलतात. परत आत जातो. मरेपर्यंत जाणार.

परवा चार माणसांत बसून माझं हे 'न्हाई' मी ऐटीत सांगत होतो. पलीकडे सोनीची आई तिची वेणी घालत होती. सोनीला एका हातानं जमत नाही. वेणीवरची नजर न काढता तिची आई मला म्हणाली,

"म्हणला खरं. पर पोरीचा हात दाबायच्या आधी म्हणायचं व्हतं."