रानात ओ द्यायची नाही

तळं बघायचं मामांच्याच मनात होतं, पण त्यांना तिथे नेलं मी. म्हणून त्या दिवशी जे झालं त्याचा दोष मी आजही स्वतःकडेच घेतो.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. पाचवीतून शाळा सोडून मी मालवणाकडून लालबागला आलो, तेव्हा माझी ट्रंक ठेवायला त्यांनी खोलीत जागा केली. गिरणीत माग चालवायलाही त्यांनीच शिकवलं. खोलीत आम्ही तिघं: मामा, त्यांचे धाकटे भाऊ आणि मी. चाळीखालून मोर्चा निघाला की धाकटे गॅलरीत धावायचे आणि ओरडायचे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आत स्टोव्हपाशी बसलेले मामा हातातला डाव खाली न ठेवता उत्तर द्यायचे, "झालाच पाहिजे!" मोर्चांवर गोळीबार झाला त्या आठवड्यात धाकटे दूध आणायला म्हणून खाली उतरले, ते परत आले नाहीत.

त्यानंतर मोर्चाचा आवाज लांबून आला तरी मामा उठून दार लावून घ्यायचे. बोलणंही तुटलं. सकाळी नळावर रांगेत उभे असताना मात्र एकदा म्हणाले, "ह्या पाणी खंयसून येता रे?"

"तुळशी तलावातून, असं म्हणतात."

"एकदा बघूक होया."

कितीतरी दिवसांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती. सुट्टीच्या दिवशी मी, मामा आणि आमच्या खात्यातला एक साताऱ्याकडचा गडी, असे तिघं बोरिवलीला उतरून चालत निघालो. रानाच्या तोंडाशी मामा थांबले. चपला काढून त्यांनी एक हिरवी डहाळी दगडावर ठेवली आणि आम्हाला बजावलं, "रानात कोणी हाक मारली तर ओ देवची नाय. आवशीच्या आवाजान मारल्यान तरी."

"आन् आईनं जेवायला बोलवाया हाक मारली तर?" सातारकर म्हणाला.

"तर उपाशी मर."

आम्ही हसलो. खूप महिन्यांनी मामाही थोडे हसले.

पायवाट सागातून, ऐनातून वर चढत होती. मधूनच दुसरी वाट येऊन मिळे, तिसरी फुटे. मामांची छाती कापसाच्या धुळीने भरलेली. दर चढावर ते झाडाला हात लावून उभे राहत आणि मी मनात त्यांचे श्वास मोजत असे. शेवटी तळं दिसलं. मामा काठाशी बसले, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं. सातारकर पाय बुडवायला निघाला तसे ओरडले, "मेल्या, चाळीतली पोरां पितत ता!" तो मागे आला.

मामा दमले होते. "तुम्ही जावा वर, मी हय बसतंय," म्हणाले. मी जायला नको होतं. पण वरून सगळं तळं एका नजरेत दिसतं असं कुणी सांगितलेलं. अर्ध्या तासात येतो म्हणून गेलो आणि उतरताना वाट चुकलो. सगळ्या वाटा सारख्याच, सगळीकडे तीच वाळलेली पानं. काठाशी पोचलो तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. दगडावर मामांची टोपी होती. मामा नव्हते.

आम्ही आलो नाही म्हणून ते आम्हालाच शोधायला गेले असणार, हे लगेच कळलं. मी हाका मारत सुटलो. "मामा! ओ मामा!" सातारकर दुसऱ्या वाटेने ओरडत गेला. तळ्यावरून आवाज परत येई, उत्तर येत नसे. त्या रानात बिबटे होते. आईला पत्रात काय लिहायचं, इथपर्यंत मी पोचलो.

सातारकर हात हलवत परत आला. "आरं, त्यांनीच न्हाई का सांगितलं, ओ द्यायची न्हाई म्हनून?"

इतका वेळ मी त्यांना तेच करायला सांगत होतो, जे ते कधीच करणार नव्हते. नावाने नाही, नात्याने नाही. मग कशाने बोलवायचं? हाक नसलेली एक गोष्ट होती. पण ती धाकट्यांची होती, आणि ती तोंडातून काढायचा मला हक्क आहे का, हे कळत नव्हतं. अंधारून येत होतं. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो,

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

काही नाही. फक्त पाण्याकडून कसलासा पक्षी उडाला. मी पुन्हा ओरडलो. या वेळी आवाज फाटला.

डावीकडच्या उतारावरून, खोकल्यात अडकत, उत्तर आलं.

"झालाच... पाहिजे!"

कारवीच्या जाळीत ते बसले होते. पाय मुरगळलेला, हातांवर ओरखडे. मी त्यांच्या पायांनाच मिठी मारली.

"मगापासून हाका मारतोय, मामा!"

"आयकलंय." ते थोडा वेळ दम खात राहिले. "आधी भावाच्या आवाजान हाक इली. मगे तुझ्या. ओ कोणाक देवची?"

सातारकराने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना रस्त्याला आणलं. वाटभर मामांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्या ओझ्याचं मला त्या दिवशी जेवढं बरं वाटलं, तेवढं पुढे आयुष्यात कशाचंच वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात चाळीखालून मोर्चा गेला. मी मामांकडे बघितलं. ते स्टोव्हपाशी भात ढवळत होते. घोषणेला उत्तर त्यांनी दिलं नाही. पण दार लावायलाही उठले नाहीत.