गूळ सासूचा, विटाळ सुनेचा

शिकलेली सून सगळ्यांना हवी असते, पण ती शिकलेलं बोलायला लागली की तोंडं वाकडी होतात. मनीषाच्या वाट्याला नेमकं तेच घर आलं. नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि पिंपळगाव बसवंतजवळच्या मळ्यात दिली. नवरा ज्ञानेश द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला होता. घरात शेवटचा शब्द सासऱ्यांचा, खंडेरावांचा, आणि सासू बायडाबाई त्या शब्दाला मान डोलवायच्या.

अठ्ठ्याण्णव साली गोठ्याशेजारच्या रिकाम्या खोलीत मनीषाने धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, लावली. गव्हाचा भुसा भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, बियाणं मिसळून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा आणि टांगायचा. भुशावर पांढरं जाळं पसरतं, मग छत्र्या फुटतात. पहिला तोडा झकास आला. खंडेराव येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली उघडून दाखवायचे. पण दुसऱ्या लावणीला पिशव्या हिरव्या पडल्या, आंबूस वास सुटला. तिसरीही तशीच गेली.

झालं. खंडेरावांनी निदान करून टाकलं.

"बाजूला बसलेली असताना आत शिरली असंल. तिथं विटाळ चालत नाय."

गेली असती तरी काय बिघडत होतं म्हणा, पण ती गेलीही नव्हती. पाळीचे चार दिवस ती मुकाट्याने पडवीत गोणपाटावर काढायची. पण तिला विचारलं कुणी? ज्ञानेश मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. खोलीला कुलूप लागलं, किल्ली खंडेरावांच्या कमरेला गेली आणि मनीषाने त्या दारात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. खोली तिने उभी केली, कष्ट तिचे, डोकं तिचं, आणि बंदीही तिलाच.

सडलेल्या पिशव्या उकिरड्यावर पडल्या होत्या. शेण टाकायला गेलेल्या मनीषाला त्यांच्यावर मुंगळ्यांची रीघ दिसली. भुशाला मुंगळे कशाला लागतील? तिने सासूला विचारलं, तर बायडाबाईंनी भाबडेपणाने सांगून टाकलं.

"निस्त्या भुशावर कसा जीव धरंल त्यो? दुसऱ्या लावणीपास्नं भिजवायच्या पाण्यात गूळ घालत व्हते मी. बाळंतिणीला नाय का आपण देत?"

मनीषाने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो आई, भुसा पचवायला बुरशीला खास रस सोडावे लागतात. ते रस तयार करणारी जनुकं तिच्यात असतात, पण समोर साखर असली की ती बंद राहतात. घरात आयते लाडू असताना जात्यावर कोण बसेल? साखर संपली की जनुकं उघडतात, मग ती भुशाला हात घालते. आणि तोवर गुळावर ती हिरवी बुरशी माजते, आपली धिंगरी मागेच राहते."

बायडाबाईंना ते पटलं. पण नवऱ्यासमोर जाऊन 'गूळ मी घातला' म्हणायची त्यांची छाती झाली नाही. मनीषाने सांगून पाहिलं, सासूचं नाव न घेता, तर खंडेराव म्हणाले, "गुळानं कुणाचं वाईट झालंय? पुस्तकातलं आम्हाला नको शिकवू." आणि त्यांनी शांती करायला भटजी बोलावले.

पुढची पाळी आली तेव्हा मनीषा पडवी सोडून गोठ्यामागच्या छपरात जाऊन बसली. त्या दिवसांत तिला कुणी काम सांगत नसे, कुणी जवळ फिरकत नसे. ठीक आहे, म्हटलं तिने, तुमचीच रीत मला सोयीची. चारही दिवस तिने बिनगुळाचा भुसा भरला. पाचव्या दिवशी पिशव्या बायडाबाईंच्या हवाली केल्या. त्यांनी नवऱ्याकडून किल्ली मागून घेतली आणि पिशव्या खोलीत टांगल्या. पिशव्या बायकोनेच भरल्या असं खंडेराव धरून चालले.

धिंगरी अशी फुटली की पिशव्या दिसेनात. घरात रोज भाजी होऊ लागली, आणि खंडेराव मागून मागून खात होते. मग मोतीराम आला. तो नाशिकच्या हॉटेलांना माल पुरवायचा. भरलेले क्रेट अंगणात मांडून खंडेराव त्याला ऐटीत सांगू लागले, "शांती केली, सुनेला लांब ठिवलं. बघ कसं फळलं."

ओट्यावर भांडी घासणारी मनीषा उठून सासऱ्यांसमोर उभी राहिली. हाताची राख तशीच होती.

"नाना, त्या पिशव्या मी भरल्यात. बाजूला बसले होते तेव्हा, ह्याच हातांनी."

मोतीराम टेम्पोच्या चाकाकडे बघू लागला. खंडेरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"समदा माल उकिरड्यावर टाका," ते म्हणाले. "आन ती खोली आता कायमची बंद."

आणि ज्ञानेश, शिकलासवरलेला ज्ञानेश, खरोखर क्रेट उचलायला वाकला.

तेवढ्यात बायडाबाई पदर सावरत क्रेटसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज त्यांनी कधी चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"नासलं ते माझ्या गुळानं. नाव पोरीचं झालं, आन मी गप बसले. माल टाकायचा तर टाका. पण इतके दिस वाटी भरभरून भाजी खाल्ली, ती आधी ओकून दाखवा. नाय जमत? मंग किल्ली द्या तिच्या हातात."