खांदे मोजणारी काकी

घर किती मोठं, हे काकी खोल्यांवरून सांगत नसे. त्या घरातून तिरडीला किती खांदे येतील, ते ती सांगे. किहीमच्या अलीकडे असलेल्या आमच्या आळीत कुणी कौतुकाने नवा बंगला दाखवला, की ती विचारी, "व्हय, पन खांदा देल असा कोन ऱ्हातं त्यात?" मी तिच्या समोरच्या घरात वाढलो. लहानपणी मला या प्रश्नाची भीती वाटे.

तिच्या मागच्या खोलीत बंगल्यांच्या कामावरचे सहा ओडिया मजूर भाड्याने राहत. आळीत अशा आणखी खोल्या होत्या. एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना घरं देणाऱ्यांनी ग्रामसभेत ठराव आणला: बाहेरच्या मजुरांना खोल्या द्यायच्या नाहीत. पाण्याचं कारण खरं होतं. दोरीवर वाळणाऱ्या लुंग्या पाहुण्यांना आवडत नाहीत, हेही खरं होतं. ते कुणी बोलत नव्हतं.

काकी उभी राहिली. "शनवारचा पावना खांदा द्याला थांबल काय?"

सरपंच तिच्या अंगणात खेळून मोठा झालेला. तो म्हणाला, "काकी, तुला मराची एवढी घाई कशाला?"

"मराची घाई न्हाय रं. मसनात पोचाची काळजी हाय."

सभा हसली. हसू ओसरायच्या आत तिने आपलं म्हणणं मांडलं. मजूर राहतील, पण एका खोलीत चौघांहून जास्त नकोत, संडास मालकाने बांधून द्यायचा, आणि भाडेकरूंनी विहीर उपसायला उतरायचं, मयताला यायचं. "आळीत ऱ्हातं तो आळीचा," ती म्हणाली आणि खाली बसली. ठराव तिने सांगितला तसा झाला.

नियम पहिल्यांदा लागला तो तिलाच. सरपंचाने दुसऱ्या दिवशी दारातूनच टोमणा मारला, "काकी, काढ आता दोघांना." तिने कुणाला काढलं नाही. आपली खाट स्वयंपाकघरात नेली आणि स्वतःची खोली दोघांना दिली. त्यांतला बिजय संकोचून म्हणाला, "मौसी, हम बाहर सो जाएंगे."

"चुलीपाशी ऊब असतं. जा, नीज."

ती खाट पुन्हा कधी चुलीपासून हलली नाही. सरपंचाने नंतर टोमणा मारल्याचं मला आठवत नाही.

आळीत कुणी गेलं, की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात पोचवतात. काकी ते पातेलं बिजयच्या हाती देई. "दारात ठेवाचं. बोलाचं न्हाय. भांडं परत मागाचं न्हाय."

या श्रावणात काकी गेली. आठवड्याचा मधला वार होता, बंगल्यांना कुलपं होती. पनवेलहून आलेला तिचा मुलगा मडकं धरून पुढे झाला. पुढचे दोन खांदे बिजयचे आणि त्याच्या सोबत्याचे, मागे सरपंच आणि मी. बिजय चांगला उंच. निसरड्या वाटेवर तिरडी कलू नये म्हणून तो समुद्राकाठच्या स्मशानापर्यंत गुडघ्यांत वाकून चालला.

संध्याकाळी मी ओटीवर बसलो होतो. समोर बिजय आळीतल्या दुसऱ्या मजुरांच्या खोलीवरून पातेलं घेऊन आला, ते काकीच्या दारात ठेवलं आणि काही न बोलता वळला. त्याच्या गावी अशा वेळी काय करतात, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. आमच्यात काय करतात, ते त्याला ठाऊक होतं.