मानाची पत्रिका दिल्लीला

स्वतंत्र भारताने मळमड्डीतल्या आमच्या शेजारच्या अप्पांना जितकं छळलं, तितकं दुसऱ्या कुणाला छळलं नसेल. आपण घरात कार्य काढलं की देश काहीतरी काढतो, असं त्यांचं पक्कं मत. त्यांचं स्वतःचं लग्न झालं ते आणीबाणीत. जमाव कशाला म्हणून पोलिसांनी वाजंत्री गप्प केली आणि नवरदेव मुकाट्यानेच मांडवात शिरले. धाकट्या लेकीच्या बारशाला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, पाळणा सजवला, तोच पंतप्रधानांच्या हत्येची बातमी आली. दुकानं बंद, पाहुणे स्टेशनावर अडकलेले. भिंतीपलीकडून माझी आई तेवढी गेली आणि गुळाच्या खड्यावर बारसं उरकलं. उणकलला थोरल्याने घर बांधलं, वास्तुशांत ठरली, तर त्याच आठवड्यात नोटाबंदी! पाहुणे बँकेच्या रांगेत आणि तीनशे पानांचा भात अप्पांसमोर. अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या. "तम्मा, दिल्लीवाल्यांना आमच्या घरचं कळतं तरी कसं रे?" असं अप्पा मला विचारायचे.

मग लॉकडाऊनमध्ये अक्का गेल्या. अर्ध्या मळमड्डीची बाळंतपणं निस्तरलेल्या बाईला न्यायला चार माणसं. मी गच्चीवरून हात जोडले, खाली उतरलो नाही. त्याची लाज अजून वाटते. त्यानंतर अप्पांनी देशाला नावं ठेवणंही सोडलं.

यंदा नातीचं लग्न ठरलं. मानाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते. अप्पांनी ती भारत सरकारला रजिस्टरने पाठवली. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'या दिवशी कृपया काही करू नये. माणसं यायची आहेत.' मी म्हटलं, वाचणार कोण? उत्तर आलं नाही म्हणजे मान्य आहे, म्हणाले. बाकीच्या पत्रिका मात्र त्यांनी पायी फिरून दिल्या, पार केलगेरीपर्यंत.

लग्नाच्या सकाळी त्यांनी तीनदा बातम्या ऐकल्या. देश शांत होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, खुर्च्या संपल्या, दोनदा नव्याने भात शिजवावा लागला. अप्पा वधूवरांकडे फिरकलेच नाहीत. दारातल्या पहिल्या खुर्चीवर अक्कांचा फोटो ठेवून शेजारी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या फोटोसमोर नेत होते. मलाही नेलं. मी हात जोडले, या वेळी जवळून.

गर्दी जरा ओसरली तेव्हा त्यांनी फोटोची काच धोतराने पुसली.

"बघ की गं," ते हळूच म्हणाले, "सगळी आली."