वाणात मागितलेल्या टोपल्या

इंग्रजांच्या अमदानीत अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत खेळाच्या नव्या बाई आल्या, अकोल्याच्या. त्यांचं एकच पालुपद, "अजून एकदा!" चेंडू चुकला तरी तेच, बरोबर पडला तरी तेच, अन् कोणी चहा दिला तरी तेच. एखादी दमून बसली की म्हणत, "ऊठ वो माय, जमीन काही पयून नाही जाऊन राहिली."

शाळेच्या कमिटीनं त्यांना होळीपर्यंतच ठेवलं होतं. तोवर पोरी बास्केटबॉल खेळताना दिसल्या तर नोकरी कायम. शाळेत चेंडू होता, पण तो ज्यातून टाकायचा त्या लोखंडी कड्यांसाठी कमिटी पैसे देईना.

संक्रांतीला बाई आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या. आम्ही माळी, भाजी विकणारे. आईनं वाण म्हणून फणी पुढे केली. बाईंनी पदर पसरला.

"फणी नको, वयनी. दोन टोपल्या द्या."

संक्रांतीला सवाष्णीचा पदर रिकामा कसा पाठवायचा? आईनं वांगी ओतून टोपल्या दिल्या.

बाईंनी त्यांची बुडं कापली अन् शाळेतल्या दोन कडुनिंबांना बांधल्या.

होळीच्या आधी कमिटी सामना पाहायला आली. आईही आली, अन् टोपल्या पाहून भडकलीच. "कावून वो बाई, चांगल्या टोपल्यांचं वाटोळं केलं?"

तेवढ्यात चेंडू तिच्या पायाशी आला. तिनं रागानंच तो टोपलीकडे भिरकावला. चुकला.

"अजून एकदा!" बाई ओरडल्या.

आईनं पदर खोचला, अन् चेंडू आणायला कमिटीचे वकीलसाहेब स्वतः धावले.